भंगारातलं जुनं डिझेल इंजिन: ओळखायचं कसं, कामाला लावायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रे रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून दारूखान्याकडे चालू लागलं की दोन्ही बाजूंना तोडलेल्या जहाजांचा माल दिसतो. साखळ्या, नांगर, गोल खिडक्या, व्हॉल्व, आणि मधूनच ताडपत्रीखाली झाकलेलं एखादं डिझेल इंजिन. इंजिनांबद्दल मला जे काही कळतं त्यातलं बरंचसं मी याच रस्त्यावर शिकलो. गेली काही वर्षं लोक फोटो पाठवून विचारतात, "हे कुठलं इंजिन? घेऊ का? गावच्या विहिरीवर चालेल का?" प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिन कोण आहे हे कळल्याशिवाय त्याला काम नेमून देऊ नका. बहुतेकांचे पैसे तिथेच बुडतात.

इंजिनावर माहितीची प्लेट आहे, पण गंज आणि रंगामुळे अक्षरं दिसत नाहीत. वाचायची कशी?

तारेचा ब्रश आणि ग्राइंडर दोन्ही लांब ठेवा. पितळेची किंवा ॲल्युमिनियमची पातळ प्लेट असते, अक्षरं एका फटक्यात जातात. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर प्लेटवर बांधून ठेवा. सकाळी रंग फुगलेला असतो, तो बांबूच्या चिपेने हळूहळू खरवडा. मग प्लेट कोरडी करून त्यावर पांढरा खडू आडवा चोळा आणि तळहाताने पुसून घ्या. वरचा खडू निघून जातो, खोलगट अक्षरांत अडकलेला तेवढा राहतो. मोबाइलची बॅटरी समोरून न मारता बाजूने, अगदी प्लेटला टेकवून धरा.

माझगावच्या एका गाळ्यात एका प्लेटवर आम्हाला आधी नुसता '६' आणि '५०' दिसत होता. दुसऱ्यांदा खडू फिरवला तेव्हा '६/१' वर आलं, आणि खालच्या ओळीत '६५०'. तेवढं पुरलं. सहा हॉर्सपॉवर, एक सिलिंडर, मिनिटाला ६५० फेरे: लिस्टर सीएस जातीचं इंजिन. गाळेवाला ते किलोच्या भावाने तोडायला काढणार होता.

प्लेटवर बीएचपी (हॉर्सपॉवर) असेल तर तो जुना आकडा, किलोवॅट असेल तर नंतरचा. १ हॉर्सपॉवर म्हणजे ०.७४६ किलोवॅट, म्हणून ५ हॉर्सपॉवरच्या इंजिनावर ३.७ लिहिलेलं दिसतं. 'आयएस १६०१' किंवा 'आयएस १०००१' दिसलं तर ते भारतीय मानकाप्रमाणे बनवलेलं, एकाच ठरावीक वेगाने चालणारं इंजिन. 'बीएस ६४९' हे जुनं ब्रिटिश मानक.

प्लेटच कुणीतरी काढून नेलीय. मग काय करायचं?

पितळेची प्लेट सगळ्यात आधी जाते, त्यामुळे हे नेहमीचंच आहे. अशा वेळी इंजिनाचे चार अवयव बोलतात.

पहिला म्हणजे डिझेल पंप. बहुतेक भारतीय इंजिनांवर मायकोचा पंप असतो. बंगळूरची ही कंपनी १९५१ साली बॉशच्या सहकार्याने सुरू झाली. पंपाच्या अंगावर छोटी प्लेट असते आणि ती सहसा कुणी काढत नाही. तिच्यावर 'पीईएस ६ ए ८०' अशा धर्तीचा आकडा असेल तर तो असा वाचायचा: पीई म्हणजे स्वतःचा कॅमशाफ्ट असलेला पंप, एस म्हणजे फ्लँजने बसवलेला, ६ म्हणजे सहा सिलिंडर, ए हा पंपाचा आकारगट, आणि ८० म्हणजे प्लंजरचा (डिझेल ढकलणाऱ्या दांड्याचा) व्यास ८.० मिलिमीटर. पुढे आर किंवा एल असेल तर ती पंप फिरण्याची दिशा, उजवी की डावी. सुरुवात 'पीएफ'ने होत असेल तर पंपाला स्वतःचा कॅम नाही, तो इंजिनाच्या कॅमवर चालतो. छोट्या एकसिलिंडरी इंजिनांवर हाच भेटतो.

दुसरा नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड. टोकावर बारीक बारीक अनेक भोकं आणि अंगावर 'डीएलएलए' असेल तर डिझेल सरळ पिस्टनवर फवारलं जातं. टोकात एकच भोक, त्यात सुईसारखा दांडा आणि 'डीएन'ने सुरू होणारा आकडा असेल तर हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) वेगळी ज्वलनखोली आहे. सुट्या भागांच्या दुकानात गेल्यावर हा एक फरक माहीत असला तर निम्मा वेळ वाचतो.

तिसरा अवयव म्हणजे बोल्ट. मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही, थोडा ढिला किंवा थोडा घट्ट वाटतो, आणि जुना मिस्त्री न बघता "चार सूत दे" म्हणतो, तेव्हा समजायचं की इंजिन इंचातलं आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बोल्टचा आटा व्हिटवर्थचा (जुन्या ब्रिटिश मापाचा), ५५ अंशांचा असेल तर रचना ब्रिटिश. ६० अंशांचा मिलिमीटरमधला असेल तर जर्मन, जपानी किंवा नंतरची भारतीय. इंचाच्या भोकात मिलिमीटरचा बोल्ट ठोकून बसवलेला दिसला, तर आधी कुणीतरी घाईत हात घातलाय. तिथे जरा जास्त थांबून बघा.

चौथा म्हणजे बिडावर उठवलेले ओतकामाचे आकडे. लोक त्यालाच इंजिन नंबर समजतात. तो साच्याचा नंबर असतो, त्या साच्यातल्या शेकडो ब्लॉकवर तोच मिळतो. इंजिन नंबर वेगळा, ठोकून उमटवलेला, बहुधा घासलेल्या सपाट जागेवर असतो. दोन्ही लिहून घ्या. ओतकामाच्या आकड्यावरून मॉडेल कळतं, ठोकलेल्या आकड्यावरून तो एकच नग.

बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) हेड न उघडता मोजता येतो का?

नोझल उभं बसवलेलं असेल तर स्ट्रोक मोजता येतो. नोझल काढा, त्या भोकातून मऊ पितळी सळई पिस्टनपर्यंत सोडा, फ्लायव्हील (बाजूचं जड चाक) हाताने सावकाश फिरवा. सळई सगळ्यात वर आली की खूण, सगळ्यात खाली गेली की खूण. दोन खुणांतलं अंतर म्हणजे स्ट्रोक. नोझल तिरकं असेल तर हा उद्योग करू नका, सळई आत अडकते. बोअरसाठी बाजूच्या दारातून हात पोचला तर लायनरचं (सिलिंडरच्या आतल्या नळीचं) खालचं तोंड मोजता येतं, नाहीतर हेड उचलावंच लागतं.

मग हिशेब सोपा आहे. बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक, सगळं सेंटिमीटरमध्ये. ८ आणि ११ आले तर उत्तर ५५३ सीसी. हे किर्लोस्कर एव्ही१: ५ हॉर्सपॉवर, १५०० फेरे. बोअर ८.७५ आणि स्ट्रोक तोच ११ असेल तर ६६१ सीसी, म्हणजे टीव्ही१. बाहेरून दोघं सख्खे भाऊ वाटतात. चुकीचा पिस्टन आणून परत करायला गेलेली माणसं मी पाहिलीत, दुकानदार घेत नाही.

मुंबईत भंगारात साधारण कोणती इंजिनं सापडतात?

किर्लोस्कर सगळ्यात जास्त. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली पुण्यात सुरू झाली आणि महाराष्ट्रात असा तालुका नसेल जिथे यांचं इंजिन विहिरीवर धडधडलं नाही. याचे भाग नागदेवी स्ट्रीटवर आजही मिळतात. साताऱ्याचं कूपरही अधूनमधून भेटतं, दणकट इंजिन.

लिस्टर सीएस म्हणजे दोन मोठी उघडी फ्लायव्हील असलेलं, संथ चालणारं इंजिन. मूळ इंग्लंडमधल्या डर्सली गावचं. त्याच्या नकला राजकोटात इतक्या बनल्या की आता आपल्याला जे सापडतं ते बहुधा राजकोटचंच असतं. त्यात कमीपणा काही नाही, पण ओतकामाचा दर्जा नगागणिक बदलतो. आतल्या कोपऱ्यांत साच्याची वाळू चिकटलेली राहते, म्हणून सुरू करण्याआधी संप (खालचं ऑइलचं भांडं) उघडून रॉकेलने धुवाच.

ट्रकच्या इंजिनांत टाटा आणि लेलँड. टाटा ६९७ हे नावच मोजमाप आहे: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. स्ट्रोक १२८, एकूण ५,६७५ सीसी. १९५४ ते १९६९ टाटांचा मर्सिडीज-बेंझशी करार होता, त्यामुळे या घराण्यात सगळी मापं मिलिमीटरची. लेलँडच्या ३७० आणि ४०० या आकड्यांत मात्र घन इंच आहेत. ४०० म्हणजे साडेसहा लिटरच्या आसपास. मच्छीमार नौकांवर लेलँड बरंच चालतं, म्हणून भाऊचा धक्का आणि ससून डॉकच्या आसपास ते दुरुस्त करणारे हात अजून आहेत.

दारूखान्यात लाइफबोटीचं इंजिन दाखवतात आणि "फार कमी चाललंय" म्हणतात. खरं असतं का?

बऱ्याचदा खरं असतं. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे जहाजावर लाइफबोटीचं इंजिन दर आठवड्याला निदान ३ मिनिटं चालवून बघावं लागतं. वीस-पंचवीस वर्षं जहाज चाललं तरी इंजिनाचे एकूण तास थोडेच भरतात. बुख, सॅब, लिस्टर, यानमार ही नावं यात भेटतात.

पण चाललंय कसं ते बघा. ते जवळजवळ प्रत्येक वेळी थंड असताना सुरू झालंय आणि गरम व्हायच्या आत बंद झालंय. अशा चालण्याने डिझेल पूर्ण जळत नाही आणि ऑइलमध्ये उतरतं. शिवाय हे इंजिन बोट पाण्याबाहेर टांगलेली असतानाही ५ मिनिटं चालावं असा नियम आहे, म्हणजे समुद्राचं पाणी न घेताच ते बहुतेक वेळा चाललेलं असतं. त्यामुळे पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र जवळपास हमखास गेलेलं मिळतं. लायनर मात्र सुंदर असतात. मी स्वतः असं इंजिन आनंदाने घेईन, फक्त भावात ऑइल, सगळे रबरी भाग आणि परदेशी सुट्या भागांचा खर्च धरून.

जहाजावरचा छोटा जनरेटर सेट घेतला तर घरची वीज चालेल?

इथे लोक हमखास फसतात. बहुतेक जहाजांवर ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ वीज असते. आपल्याकडे ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. १८०० फेऱ्यांवर चालणारा तो सेट आपल्यासाठी १५०० वर आणावा लागतो. फेरे उतरले की त्याच प्रमाणात व्होल्टही उतरतात: ४४० चे साधारण ३६७. मग कुणीतरी रेग्युलेटर पिळून व्होल्ट ४१५ पर्यंत चढवतो आणि थोड्या दिवसांत अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) तापून जळतो, कारण त्याच्या लोखंडाला तेवढं चुंबकत्व पेलत नाही. इंजिनाची ताकदही सहातला एक भाग कमी होते. इंजिन चांगलं असेल तर अल्टरनेटर विकून टाका आणि ५० हर्ट्झचा, चार पोलांचा लावा.

इंजिन जाम आहे. फ्लायव्हील हलतच नाही. घेऊ नये का?

जाम असण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि काही अगदी साधी असतात. पावसाळाभर सायलेन्सरचं तोंड उघडं राहिलं की पाणी आत जातं आणि पिस्टनच्या रिंगा लायनरला धरतात. हे सुटतं. ब्लॉकला चीर असेल किंवा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, तर ते भंगारच.

सोडवताना नोझल काढा, पुशरॉडही (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्या) काढा. व्हॉल्व अडकलेले असतात आणि फिरवताना पुशरॉड वाकतात. नोझलच्या भोकातून डिझेल आणि ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरचं पातळ लाल ऑइल निम्मं-निम्मं मिसळून ओता आणि आठवडाभर विसरून जा. रोज थोडं टाकत राहा. मग फ्लायव्हील पुढेमागे, दोन्ही बाजूंना, केसभर केसभर हलवायचं. एकाच दिशेने ताकद लावू नका. घण नको, सेल्फ तर नकोच. ज्या दिवशी ते पहिल्यांदा अर्धा इंच सरकतं त्या दिवशी तिथेच थांबा, परत ऑइल टाका, घरी जा. एका लिस्टरला आम्ही अठरा दिवस दिले. अठराव्या दिवशी फ्लायव्हील हाताच्या ढकलीने पूर्ण फिरलं, आणि नोझलच्या भोकातून गंजाचं तपकिरी पाणी उडून समोरच्या भिंतीवर त्याची रेघ उमटली. ती रेघ आम्ही कित्येक दिवस पुसली नव्हती.

पाण्यात बुडालेलं इंजिन आहे. वेगळी काय काळजी?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर शहरात अशा इंजिनांचा ढीग लागला होता. त्यातली कित्येक पुरात गेली नाहीत, पूर ओसरल्यावर मालकाने सेल्फ मारला तेव्हा गेली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. आधी नोझल काढून हाताने फिरवा, पाणी बाहेर पडू द्या, सगळं ऑइल बदला. डिपस्टिकवर चहासारखं दुधाळ ऑइल दिसलं तर आत पाणी आहेच. खाऱ्या पाण्यात बुडालं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन डिझेलमध्ये भिजवा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

फिरण्याची दिशा कशी कळणार?

टॅपेट कव्हर (हेडवरचं, व्हॉल्व झाकणारं झाकण) काढा. एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) कुठला आणि इनटेक (हवा आत घेणारा) कुठला ते मॅनिफोल्डवरून, म्हणजे हेडला जोडलेल्या नळ्यांवरून, ठरवा. हळू फिरवत एक्झॉस्ट व्हॉल्वकडे बघा. तो मिटत आला की लगेच इनटेक उघडू लागला, तर दिशा बरोबर. इनटेक मिटताना एक्झॉस्ट उघडताना दिसला, तर तुम्ही उलट फिरवताय. जहाजावर जोडीने बसवलेल्या इंजिनांत कधी कधी एक उजवं आणि एक डावं असतं, म्हणून अंदाजाने पंप जोडू नका.

पहिल्यांदा सुरू करताना कशाची भीती बाळगावी?

दोन गोष्टींची.

एक, इंजिन सुसाट सुटणं. माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. एअर क्लीनरच्या वाटीत मी खुणेच्या वर ऑइल भरलं होतं. इंजिन सुरू झालं आणि ते ऑइल हवेबरोबर आत ओढू लागलं. मी डिझेल बंद केलं, वेग वाढतच गेला. पंपाची दांडी ओढली, तरी वाढतच गेला, कारण आता ते ऑइलवर चालत होतं. पांढऱ्या-निळ्या धुराने गाळा भरला, फाउंडेशनचे बोल्ट थरथरायला लागले. माझ्या जोडीदाराने फळी उचलून इनटेकवर दाबून धरली तेव्हा ते गुदमरून थांबलं. त्या फळीखेरीज मी आजही कुठलंच इंजिन पहिल्यांदा सुरू करत नाही. फळीच हवी. फडकं आत ओढलं जातं, हात तर लावायचाच नाही.

दुसरी, नोझलचा फवारा. नोझल बाहेर काढून फवारा बघणं गरजेचं असतं, पण ते डिझेल साधारण २०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाने येतं आणि कातडीतून आरपार आत जातं. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं. घरी जाऊ नका, लगेच मोठ्या रुग्णालयात जा आणि "डिझेल दाबाने आत गेलंय" असं स्पष्ट सांगा. वेळ गेला तर बोट, कधी हातही गमवावा लागतो.

सुरू झालं, पण धूर फार आहे.

काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळा असेल तर ऑइल जळतंय, रिंग किंवा व्हॉल्व गाइड. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा असेल तर डिझेल न जळता बाहेर येतंय. कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा नोझल बघा. जाम सोडवलेलं इंजिन पहिला अर्धा तास निळा धूर सोडतंच, तेवढ्याने हेड उघडू नका.

गावी विहिरीवर बसवायचंय. काय बघू?

मुंबईतून निघालेली बहुतेक इंजिनं शेवटी कोकणात किंवा घाटावर विहिरीवरच जातात, आणि ते योग्यच आहे. १५०० फेऱ्यांचं एव्ही१ पंपाला सरळ कपलिंगने जोडता येतं. पूर्ण भारावर तासाला साधारण एक लिटरच्या थोडं वर डिझेल लागेल. लिस्टर ६५० वर चालतं, त्याला पुली-पट्टा लागतो. इंजिनाला १४ इंची आणि पंपाला ६ इंची पुली लावली तर पंप १५०० च्या जरा वर फिरतो.

थंड करण्याची सोय नीट करा. विहिरीचं गार पाणी थेट इंजिनातून खेळवून शेतात सोडतात, ते दिसायला सोयीचं पण इंजिनाला घातक आहे. ब्लॉक गारच राहतो, डिझेल अर्धवट जळतं, ऑइल पातळ होतं आणि लायनर झिजतो. त्याऐवजी २०० लिटरचं पिंप ठेवा. इंजिनाच्या वरच्या तोंडातून निघालेली नळी पिंपाच्या वरच्या भागात, खालची नळी तळाशी. गरम पाणी आपोआप वर चढतं, गार खाली येतं, पंप लागत नाही. पिंपातली पातळी वरच्या नळीच्या वर हवी, ती खाली गेली की फिरणं थांबतं. पाणी हाताला चांगलं चटका देण्याइतकं, ७०-८० अंश, गरम राहिलं पाहिजे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पंप पाणी वर ओढतो त्याला मर्यादा आहे: गणितात १०.३ मीटर, प्रत्यक्षात ६-७ मीटर. विहीर खोल असली की लोक काय करतात, तर इंजिनच विहिरीत कट्ट्यावर उतरवतात. कृपा करून हे करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड विहिरीत साचतो, त्याला वास नसतो, माणूस बसल्या जागी कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच घरातली माणसं अशी गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. इंजिन वरच ठेवा आणि जेट पंप किंवा उभ्या शाफ्टचा पंप वापरा. विहिरीजवळ वीज असेल तर सरळ पाणबुडी मोटर बसवा आणि हे इंजिन दुसऱ्या कामाला घ्या. मला इंजिनं कितीही आवडत असली तरी माझा सल्ला हाच राहील.

मुंबईत सोसायटीत किंवा गाळ्यात जनरेटर म्हणून वापरू का?

नको. राहत्या भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, उघडं जुनं इंजिन त्यात बसूच शकत नाही. १ जुलै २०२३ पासून नव्या जनरेटरना धुराचे आणखी कडक नियम लागू झालेत. शेजारी म्हातारी माणसं, लहान मुलं असतात. नवा, पेटीबंद सेट घ्या.

होडीत बसवता येईल?

येईल, पण आधी तांडेलाशी आणि तुमच्या मच्छीमार सोसायटीशी बोला, कारण नौकेच्या कागदांवर इंजिनाची नोंद असते. ट्रकचं इंजिन आणि नौकेचं इंजिन एकाच ब्लॉकचं असलं तरी काम वेगळं. ट्रक चढावर जोर लावतो आणि उतारावर विसावतो. नौका तासन् तास एकाच भाराने चालते. म्हणून ट्रकचा हॉर्सपॉवरचा आकडा नौकेत पूर्ण धरू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला पाण्याचं आवरण, गनमेटलचा समुद्री पाण्याचा पंप आणि उष्णता बदलणारा डबा या तीन गोष्टी असतील तर ते मुळात समुद्रासाठी बनलंय. त्या डब्यातली जस्ताची कांडी काढून बघा. ती पूर्ण संपून गेली असेल तर खारं पाणी त्यानंतर आतला धातू खात बसलंय.

रस्त्यावरच्या गाडीत?

आरटीओची परवानगी घेतल्याशिवाय नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो, तो जुळलाच पाहिजे.

करंजाच्या तेलावर चालतं असं ऐकलंय.

संथ, जुन्या धाटणीचं इंजिन चालतं. पण तेल घट्ट असतं, ते चांगलं गाळून आणि ७०-८० अंशांपर्यंत तापवून द्यावं लागतं. सुरुवात आणि शेवट डिझेलवरच करायचा, म्हणजे पंपात आणि नोझलमध्ये तेल गोठून बसत नाही. वेगळ्या ज्वलनखोलीचं इंजिन यात जास्त सोसतं.

एक्झॉस्टवर पांढरट दोरी, पट्टी गुंडाळलेली आहे. ती काढून टाकू?

कोरडी ओढू नका. जुन्या जहाजांवर हे ॲस्बेस्टॉस असू शकतं. जहाजांवर ते नव्याने बसवायला २००२ पासून जवळपास बंदी आली, पण दारूखान्यात तुटायला येणारी जहाजं त्याआधीची असू शकतात. त्याचे तंतू फुप्फुसात बसले की दुखणं वीस-तीस वर्षांनी वर येतं. सगळं पाण्याने चिंब भिजवा, चांगला मास्क लावा, ओलं असतानाच जाड पिशवीत बांधा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणीच द्या. ग्राइंडर मारून गॅस्केट काढणाऱ्या पोरांना थांबवा. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

खरेदी करताना कागद काय मागू?

पावती, तिच्यावर इंजिन नंबर, आणि विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक. नंबर घासून काढलेला असेल तर कितीही स्वस्त मिळालं तरी परत फिरा. भावाचा तळ म्हणजे बिडाचं वजन. त्याच्या वर जे मागतील त्याचं कारण विचारा. "चालू आहे" म्हणाले तर चालवून दाखवायला सांगा, आणि इंजिन आधीच गरम करून ठेवलं नाही ना ते हात लावून बघा. मला एकदा असं तापवून ठेवलेलं इंजिन विकलं होतं. दुसऱ्या दिवशी थंड असताना ते चार माणसांनी हँडल मारूनही उठलं नाही, कॉम्प्रेशनच नव्हतं.

काढलेलं काळं ऑइल गटारात ओतू नका. इथलं गटार खाडीला जातं. वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्या.

दुरुस्तीपलीकडे गेलंय. तरी तोडू नये असं वाटतं.

मग ते शिकायला द्या. ब्लॉकला चीर गेलेलं इंजिन चालणार नाही, पण लायनर, पिस्टन, व्हॉल्व उघडे दिसतील असं कापून ठेवलं तर आयटीआयच्या मुलांना त्यावरून चार स्ट्रोक हाताने फिरवून समजतात. रे रोडच्या आसपास लेथवाले आहेत, त्यांच्याकडून कापून घेता येतं. एक्झॉस्टची बाजू लाल आणि इनटेकची निळी रंगवा. फ्लायव्हील, पंप, नोझल होल्डर आधी काढून ठेवा. दुसऱ्या कुणाचं इंजिन त्यावाचून अडलेलं असतं.

सगळं झालं, इंजिन चालतंय. मूळ प्लेट नाही, नवी लावू का?

जरूर लावा. फक्त कंपनीची नक्कल करू नका आणि इंजिन नंबर नव्याने ठोकू नका, तो गुन्हा ठरू शकतो. दोन-तीन इंच रुंदीची पितळी पट्टी घ्या, अक्षरांचे ठोके मिळतात, आणि तुम्ही मोजलेलं सगळं तिच्यावर घाला: बोअर, स्ट्रोक, फेरे, फ्लायव्हीलकडून बघताना फिरण्याची दिशा, टॅपेटचा गॅप, नोझलचा दाब, ऑइलचा ग्रेड, बोल्ट इंचातले की मिलिमीटरचे, आणि दुरुस्तीचं साल. पट्टी स्क्रूने लावू नका, स्क्रू निघतो आणि पट्टी पुन्हा पितळेच्या भावाने जाते. चार रिव्हेट मारा. ब्लॉकवर नको, तो पुढेमागे बदलला जाऊ शकतो. इनटेकच्या बाजूला, बाजूच्या दारावर, तेल न उडणाऱ्या जागी मारा.